शवपेटीवालीच्या बारा जर्स्या

पहिला क्वार्टर

जर्स्या अंगात नीट बसल्या आणि तिथेच सगळं बिनसलं.

बसल्या म्हणजे कशा, तर शिंप्यानं प्रत्येकाला समोर उभं करून, श्वास रोखायला लावून बेतल्यासारख्या. ओन्योक हा साबांग गावातला सगळ्यात उंच माणूस. त्याच्या जन्मात कुठला शर्ट त्याच्या कमरेपर्यंत पोचला नव्हता; तीनचाकीतून उतरायला वाकला की पाठ उघडी. आज तो दोन्ही हात वर करून उभा राहिला तरी कंबर झाकलेली. पिदिंग हा त्यांच्या बास्केटबॉल संघाचा कप्तान, बुटका आणि खांद्यानं रुंद. त्याची शिवण खांद्यावर जिथे यायला हवी तिथेच आली होती. बाकीच्या दहा जणांचंही तेच. तीनचाकीच्या थांब्यावरचे ते बारा चालक एकमेकांकडे बघून आधी खूश झाले.

"झकास," पिदिंग म्हणाला. "माप कुणी दिलं रे?"

त्यानं ओन्योकला कोपरानं ढोसलं.

"ओन्योक, तू कागद नेऊन दिलास ना?"

"कुठला कागद? तूच म्हणालास शुक्रवारी मापं घेऊ. शुक्रवारी तर तुझ्याच भाचीच्या बाप्तिस्म्याला जेवत होतो आपण."

मग बाराच्या बारा माना एकदम लुदिविना लांतिंगकडे वळल्या.

ती दुकानाच्या दारात उभी होती, हाताला भुसा लागलेला, त्रेसष्ट वर्षांची. तिच्या डोक्यावर पाटी होती, 'फुनेरारिया लांतिंग', म्हणजे लांतिंगांचं अंत्यविधीचं दुकान, आणि तेच दोन शब्द बारा छात्यांवर निळ्या अक्षरांत छापलेले होते. आत, भिंतीला टेकून, चार शवपेट्या पॉलिश वाळायची वाट बघत होत्या.

"मापं कशाला लागतात," ती म्हणाली. "रोज माझ्या दारावरून तर जाता सगळे."

बोलून झाल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो ते.

लांतिंगांच्या दुकानात टेप नव्हती. आजारी माणसाच्या खाटेशी टेप घेऊन उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून तिच्या सासऱ्यांच्या काळापासून सगळं काम नजरेवर. लुदिविना माणसाकडे बघायची आणि आकडा आपोआप डोक्यात पडायचा: पाच फूट चार, खांदा अठरा. आपण दुकानांच्या पाट्या वाचायच्या नाहीत असं ठरवून बघा, जमतं का. तिलाही ते थांबवता यायचं नाही. गावाला हे ठाऊक होतं आणि गाव त्याबद्दल बोलत नव्हतं. तिच्यासमोरून जाताना लोक जरा वाकून जात. तिला वर्षानुवर्षं वाटत आलं होतं की हा आपल्या वयाचा मान आहे.

जर्स्या एकेक करून उतरल्या. म्हाताऱ्या माणसाचं मन राखायचं म्हणून प्रत्येकानं आपापली नीट घडी घातली.

"नानाय लुदी," पिदिंग तिला आईच्या नात्यानंच हाक मारायचा, "जरा घरी विचारून सांगतो."

"विचार," ती म्हणाली.

टाइम-आउट

मयतीच्या घरी आभार मानायचे नसतात. आलेल्या माणसाला सोडायला दारापर्यंत जायचं नसतं, आणि कुणी काही दिलं तर 'उपकार झाले' म्हणायचं नसतं. म्हटलं की तेच पुन्हा घडतं.

दर महिन्याला एक पेटी लुदिविना अशा घरी पाठवायची जिथे पेटी घ्यायची ऐपत नसे. लहान मुलांच्या पांढऱ्या पेट्यांना तर सासऱ्यांच्या वेळेपासून किंमतच लावलेली नव्हती. घेणारे मान खाली घालून घेत आणि रीतीप्रमाणे एक शब्द न बोलता दार लावून घेत. तिला त्याचं वाईट वाटत नसे. नवरा गेला तेव्हा तिनं तरी कुठे कुणाचे आभार मानले होते?

पण जत्रा आली की माइकवर देणगीदारांची नावं वाचत. बेकरी, औषधांचं दुकान, बर्फाचा कारखाना. मटणवाला तिबोयसुद्धा, ज्यानं एका वर्षी पंचवीस फुगे दिले होते आणि त्यातले सात परत मागून नेले होते. लांतिंगांकडचं पाकीट मात्र जत्रेची समिती मागच्या दारानं घ्यायची आणि माइकवर म्हणायची, 'आणि इतर हितचिंतक'. सणाच्या दिवशी शवपेटीवाल्याचं नाव कोण तोंडानं घेणार?

गेल्या वर्षी तीनचाकीवाल्यांचा संघ तीन रंगांच्या गंज्या घालून खेळला. पाठीवरचे आकडे चिकटपट्टीचे. घामानं चौदामधला चार गळून पडला, एका नंबरचे फाउल दुसऱ्याच्या नावावर चढले, त्या दुसऱ्याला बाहेर बसवलं, आणि संघ हरला. लुदिविना ते बघत होती. तिच्या मनात आलं, जर्सी ही जिवंत माणसाची वस्तू. जर्सीचे आभार मानायला कुणाची हरकत नसावी. एकदा, एकदाच, आपलं नाव माइकवर यावं. मग पुढच्या वर्षी खुशाल इतर हितचिंतक म्हणा.

आता जर्स्या पॉलिशच्या टेबलावर घड्या होऊन पडल्या होत्या. वार गुरुवार. जत्रेतला सामना रविवारी, खालच्या आळीशी.

दुसरा क्वार्टर

संध्याकाळी मेनांग पावांची पिशवी घेऊन आली.

मेनांगची बेकरी रस्त्याच्या पलीकडे, तिरप्या अंगाला. मयतीहून सरळ घरी जायचं नाही, मध्ये कुठेतरी थांबून काहीतरी तोंडात टाकायचं, म्हणजे मागे जे काय लागलं असेल ते तिथेच गळून पडतं. साबांगमध्ये ते 'कुठेतरी' म्हणजे मेनांगची बेकरी. तिच्या दोन मुली त्यावर शिकून शहरात गेल्या होत्या.

"ओन्योकची बायको आली होती," मेनांग म्हणाली. "म्हणते, ती जर्सी घालून नवरा कुठेही जाऊ दे, घरात यायचा नाही."

"कापड चांगलं आहे."

"कापडाला कोण नावं ठेवतंय? लुदी, खरं सांग. माझंही माप आहे तुझ्याकडे?"

लुदिविना पावाचे पापुद्रे सोलत बसली.

"सांग ना."

"पाच फूट एक."

"आणि रुंदीला?"

"पाव खा, मेनांग."

"म्हणजे एक फळी जास्तीची लागणार."

"दीड."

मेनांग हसायला लागली. हसता हसता बाकावर टेकली, आणि टेकल्यावर आठवण झाली म्हणून बोटांनी बाकाच्या लाकडावर तीनदा ठोकलं. अशुभ काही बोललं गेलं की लाकडावर ठोकायचं, म्हणजे ते तिथेच थांबतं. "हं. ठोकून घेतलं. आता ऐक. तुझ्या दुकानातनं निघालेलं कापड सरळ माणसाच्या घरी जाणार होतं, तिथे चुकलं. माणसं माझ्याकडे थांबून जातात, तर जर्स्यांनी का थांबू नये? उद्या सकाळी पाठवून दे. दोन दिवस राहू देत भट्टीपाशी. चिकटलेलं सगळं माझ्याकडे राहील. इतकी वर्षं राहतंच आहे. पाव काही आंबट झाले नाहीत."

"आणि मापाचं काय?"

"मापातलं मला काय कळतंय? ते त्यांचं त्यांना सुचेल."

लुदिविनानं पावाचा उरलेला तुकडा खाल्ला. मग जे बोलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं तेच ती बोलली. "माझ्याकडच्या मयतीवर तुझे पाव खपतात, मेनांग. आणि नाव तुझं वाचतात."

"वाचतात," मेनांग म्हणाली. "म्हणून तर पाव घेऊन आले."

मध्यंतर

दोन दिवस बारा जर्स्या बेकरीतल्या दोरीवर, पांदेसाल पावांच्या टोपल्यांच्या वर लटकत होत्या.

शुक्रवारी पिदिंग पाव घ्यायला आला आणि वर न बघता गेला.

शनिवारी सकाळी आला आणि वर बघितलं.

शनिवारी दुपारी ओन्योकला आणि त्याच्या बायकोला घेऊन आला. बायकोचं नाव साबेल. तिनं टाचा उंचावून एका जर्सीचं टोक नाकाशी धरलं.

"पावाचा वास येतोय," ती म्हणाली. मग टोक सोडून देत म्हणाली, "पण माप ह्यांचंच आहे ना. मरणाला घराचा पत्ता लिहून दिल्यासारखं."

पिदिंगच्या तोंडात पाव होता. तो चावून, गिळून तो म्हणाला, "मग पत्ते बदलू."

तिसरा क्वार्टर

रविवारी तीन वाजता कोर्टाच्या चारी बाजूंचे लाकडी बाक भरले होते. तिसऱ्या रांगेत लुदिविना बसली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस मावेल एवढी जागा रिकामी होती. गर्दी कितीही असली तरी ती जागा नेहमी रिकामीच असायची. मेनांग आली आणि तिनं एकटीनं त्यातली बरीचशी भरून काढली.

माइक मांग पियोंगकडे; साबांगमध्ये 'मांग' म्हणजे काका. एरवी तो न्हावी. जत्रेत त्याचा आवाज गावाच्या कामी यायचा.

माइकवर:
ह्या वर्षीचे आपले आधारस्तंभ...
मेनांग बेकरी!
सान इसिद्रो औषधालय!
तिबोयचं ताजं मटण!
आणि, अर्थातच, इतर हितचिंतक.

"आले बघ हितचिंतक," मेनांग म्हणाली.

"ऐकलं."

"जिंकले तर वाचावं लागेल हं त्याला. विजेत्यांना कपडे कुणी दिले ते कपाच्या वेळी सांगायची रीत आहे. न्हाव्याला काय, देवालासुद्धा टाळता येणार नाही."

"माहीत आहे," लुदिविना म्हणाली. पदकं, कप, खालच्या आळीशी असलेलं वैर, यातलं तिला काहीच नको होतं. तिला फक्त संघ जिंकायला हवा होता.

तेवढ्यात तीनचाकीवाले कोर्टावर आले आणि तिनं डोळे मिटून घेतले.

ओन्योकच्या अंगात पिदिंगची जर्सी होती. बेंबी उघडी, बगला आवळलेल्या. पिदिंगच्या अंगात ओन्योकची. ती त्याच्या गुडघ्यांवर झग्यासारखी हलत होती. जाड्याच्या अंगात बारक्याची, बारक्याच्या अंगात जाड्याची. बेकरीत डोळे मिटून ढिगातून एकेक उचलली होती म्हणे, आणि ज्याला चुकून स्वतःची मिळाली त्याला परत टाकायला लावली होती. माप एकाचं, अंग दुसऱ्याचं. मरण मोजायला आलंच तर डोकं धरून बसेल.

बाक हसून हसून हलत होते. सुताराला उलटा बसवलेला दरवाजा बघून जे होतं ते लुदिविनाला बारा वेळा झालं. पण तिनं डोळे उघडले तेव्हा छातीवरची निळी अक्षरं तिथेच होती, ताणलेली, सुरकुतलेली, तरी वाचता येण्यासारखी. तीही हसली.

सामना सुरू झाला आणि एक गंमत दिसायला लागली. खालच्या आळीचे खेळाडू अंगाला भिडेनात. हातभर लांबूनच राखण करायचे, ती अक्षरं आपल्या छातीला लागू नयेत म्हणून.

"अरे, चिकट की त्याला!" त्यांचा प्रशिक्षक ओरडला.

"तुम्ही चिकटा," खेळाडू म्हणाला. "मला दोन पोरं आहेत."

पिदिंगला मोकळी जागा मिळाली की तो झगा सावरत चेंडू टाकायचा. पण ओन्योकचा उपयोग होईना. बास्केटखाली तो सगळ्यांपेक्षा वीतभर उंच, आणि हात वर जात नव्हता. कानापर्यंत जायचा आणि मुंढ्यात, हात बाहेर काढायच्या त्या भोकात, अडकायचा. चेंडू त्याच्या डोक्यावरून दुसरेच घेऊन जायचे.

"सात इंचाचा मुंढा," लुदिविना पुटपुटली. "त्याला साडेदहा लागतात."

"कुणाला सांगतेस?" मेनांग म्हणाली.

चौथा क्वार्टर

दोन मिनिटं उरली, तीन गुण मागे, पिदिंगनं टाइम-आउट मागितला.

लुदिविना उठली आणि बाकांमधून वाट काढत खाली उतरली. वाट काढायला तिला कधीच त्रास पडत नसे. कोर्टावर पोचेपर्यंत तिच्या झग्याच्या खिशातून कात्री बाहेर आली होती. लहान, टोकदार, काळ्या मुठीची. ह्या कात्रीनं काय कापतात हे बाकांवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं: पेटीच्या आतलं पांढरं साटीन.

सरबतवाल्यानं बर्फ फोडायचं थांबवलं. माइकवर मांग पियोंगचा नुसता श्वास ऐकू यायला लागला.

"ओन्योक, हात वर कर."

ओन्योकनं कात्रीकडे बघितलं. "नानाय, पुन्हा माप घेणार?"

"माप केव्हाच घेतलंय. आता बिघडवायचंय. हात वर कर, बाळा, माझे गुडघे दुखतायत."

त्यानं पहिल्या रांगेत उभ्या राहिलेल्या साबेलकडे बघितलं. साबेलनं घाई केली नाही. तिनं आधी कात्री बघितली, मग म्हातारी बघितली, मग नवऱ्याची उघडी बेंबी बघितली, आणि खाली बसली.

ओन्योकनं हात वर केला.

लुदिविनानं मुंढ्यात बोट घातलं, कापड अंगापासून सोडवलं आणि कात्री चालवली. एका बाजूला बरगडीपर्यंत, मग दुसऱ्या बाजूला. कापडाखाली अंग गरम होतं, ओलं होतं, आणि सारखं हलत होतं. तिच्या हाताला ह्याची सवय नव्हती.

"हलू नकोस रे."

"गुदगुल्या होतायत."

तिची कात्री थांबली. एवढ्या वर्षांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"झालंच," ती म्हणाली, आणि शेवटचा अर्धा इंच अगदी सावकाश कापला.

ती आपल्या जागेवर परत जाऊन बसली. मग दोन मिनिटं. ओन्योकनं हात वर केला आणि तो जातच राहिला. पहिला चेंडू त्यानं झाडावरचं पिकलेलं फळ तोडावं तसा घेतला. दुसरा पिदिंगकडे टाकला. झग्यातून कुठूनतरी पिदिंगचे हात बाहेर आले आणि चेंडू आत गेला. एक गुण मागे. खालच्या आळीचा नेम चुकला. शेवटचा चेंडू पिदिंगनं मारला तो कडीवर आपटून बाहेर उडाला, आणि हवेत असतानाच एका लांबलचक उघड्या हातानं तो परत आत ढकलला.

शिटी वाजली. एका गुणानं.

शिटीनंतर

मांग पियोंग हातात कप आणि कागद घेऊन मधोमध उभा राहिला. त्यानं विजेत्या संघाचं नाव वाचलं, कप्तानाचं वाचलं. मग तो कागदाकडे बघत राहिला. कागदावर काय आहे हे त्याला वाचायची गरज नव्हती. सहा वर्षांपूर्वी त्याच्या घरून एक लहान पांढरी पेटी निघाली होती, आणि त्यानं रीतीप्रमाणे काही न बोलता दार लावून घेतलं होतं.

त्यानं टोपी काढली.

"विजेत्या संघाला जर्स्या दिल्या त्या," तो म्हणाला, "फुनेरारिया लांतिंग यांनी. लुदिविना लांतिंग. नानाय, साबांग तुमचं आभारी आहे. जर्स्यांसाठी." मग पुन्हा एकदा म्हणाला, "जर्स्यांसाठीच."

कुणी टाळी वाजवली नाही.

मग पहिल्या रांगेत साबेल वाकली आणि बाकाच्या फळीवर तीनदा ठोकलं. तिच्या शेजारणीनं ठोकलं. मग ती रांग, मग मागची, मग पलीकडची बाजू. टक टक टक. सगळं गाव आपापल्या बुडाखालचं लाकूड बोटांनी वाजवत होतं. पोरांना गंमत वाटून ती मुठींनी वाजवत होती. कोर्टावर लाकूड नव्हतं म्हणून पिदिंग आणि ओन्योक बास्केटच्या खांबाला लावलेल्या फळीवर वाजवत होते. थांबायचं कुणाला सुचत नव्हतं.

मेनांग लुदिविनाच्या कानाशी आली. "वाईट वाटून घेऊ नकोस हं, लोक आपले—"

"गप्प बस, मेनांग. ऐकू दे."

ती ऐकत होती. पुढच्या दोन रांगा गमारीच्या लाकडाच्या. मागच्या माडाच्या, त्यांचा आवाज खोल. पलीकडच्या बाजूला कुणीतरी नवीन फळी टाकली होती, अजून ओली. आणि आपल्याच रांगेत, डावीकडून चौथी, नुसती पोकळ. वाळवी. तिच्यावर आत्ता पाच माणसं बसली होती.

तिनं वाकून स्वतःखालच्या फळीवर तीनदा ठोकलं. ही चांगली होती.

सोमवारी सकाळी पिदिंगच्या तीनचाकीच्या टपावर एक फळी बांधून ती कोर्टावर आली. पिदिंगनं जुनी फळी उपटली. ती हातात बिस्किटासारखी मोडली.

"टेप आणायला हवी होती, नानाय."

"कशाला? काल बसल्या बसल्या मोजली."

फळी जागेवर गेली, दोन्ही टोकांना नखाएवढीसुद्धा फट न राहता. पिदिंगनं तिच्यावर ठोकून बघितलं. मग बोट मागे घेतलं, आणि पुन्हा एकदा नुसतंच, आवाज आवडला म्हणून, ठोकलं.

"आभारी आहोत, नानाय. बाकासाठी."

"बस त्याच्यावर," लुदिविना म्हणाली. "बसण्यासाठीच आहे." तिनं झग्यावरचा भुसा झटकला आणि घरी जायला निघाली, म्हणजे आधी मेनांगकडे.